'उद्धट' मुलीचा सवाल

मुलगा द्वाड निघाला तर त्याला शिक्षा होते आणि तो वर्गात राहतो. मुलगी उलट बोलली, वर्गातून निघून गेली, कुणाच्या झिंज्या धरल्या, की घरी निरोप जातो. आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांत त्या निरोपाचे उत्तर ठरलेले असते: शाळा बंद करा, स्थळ बघा. म्हणून 'उद्धट' हा शेरा साधा शेरा नाही. तो एका मुलीच्या आयुष्याचा निकाल ठरू शकतो.

हा शेरा कोणाला लागतो, हे तपासले पाहिजे. ज्या अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्यावरून १९७२ साली दलित पँथरने आपले नाव घेतले, तेथील सरकारी आकडे बोलके आहेत. २०११-१२ या शालेय वर्षात काळ्या मुलींपैकी १२ टक्के मुलींना शाळेतून तात्पुरते काढण्यात आले. गोऱ्या मुलींत हे प्रमाण २ टक्के होते. खोडी तीच, पण खोडी करणाऱ्याचा जन्म पाहून तिचे नाव बदलते. वरच्या घरातील मुलगी 'हुशार, पण हट्टी' ठरते. आपली मुलगी 'वळण नसलेली' ठरते.

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहून ब्राह्मणी धर्माला उघड जाब विचारणारी मुक्ता साळवे तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. तो बाणेदारपणा फुल्यांच्या शाळेत वाढला. दुसऱ्या एखाद्या शाळेत त्याला कोणता शेरा मिळाला असता?

पहाटे पाणी भरून, धाकट्या भावंडाला सांभाळून, रात्री बापाची दारू पाहून आलेली मुलगी वर्गात डाफरते, तेव्हा ती काहीतरी सांगत असते. जातीवरून मारलेला टोमणा असेल, वाटेत कोणी अंगचटीला आलेला असेल. हे ऐकणारे माणूस तिला हवे असते. येथे 'ताई'ची कल्पना उपयोगी पडते: शाळेतील एका मुलीमागे महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी, शक्यतो तशाच वस्तीतून वर आलेली.

ही नुसती सदिच्छा नाही. अमेरिकेत १० ते १६ वयाच्या ९५९ मुलामुलींवर झालेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना असा मोठा सोबती दिला, बाकीच्यांना थांबविले. दीड वर्षाने पाहिले, तर सोबती मिळालेल्यांनी दुसऱ्यांच्या मानाने निम्मेच दिवस शाळा बुडविली होती. पण याच मुलांची माहिती पुन्हा तपासून २००२ साली एक इशारा दिला गेला: वर्षभर किंवा अधिक टिकलेल्या सोबतीचा लाभ सर्वात जास्त, तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या सोबतीने मुलांचा स्वतःविषयीचा विश्वास उलट घटला. म्हणजे शिबिरापुरती माया नसलेलीच बरी.

यातून कामाची रीत ठरते. १) ताईने निदान एक वर्षाचा शब्द द्यावा, ते जमणार नसेल तर सुरुवातच करू नये. २) आठवड्यातून एक तास, ठरल्या दिवशी, शाळेच्या आवारात, शिक्षक व आई यांना सांगून भेटावे. ३) उपदेश करू नये, आधी ऐकावे, मग अभ्यासाला हात लावावा. ४) 'कोणाला सांगणार नाही' असे वचन कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचार कळल्यास २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे तो पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. ५) ताईलाही विचारायला कोणी हवे, महिन्यातून एकदा एखाद्या जाणत्या शिक्षिकेने सर्व तायांना एकत्र बसवावे.

मात्र मुलीला समजूत घालून शाळेला मोकळे सोडणे, असा याचा अर्थ होता कामा नये. शिक्षणहक्क कायदा २००९ चे कलम १७ मारहाण व मानसिक छळ यांना मनाई करते. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे ताईला पाठ हवे. नववीत हे कवच संपते, आणि लग्नाची बोलणी त्याच सुमारास सुरू होतात. कार्यकर्त्यांनी आपली शक्ती प्रथम तेथे लावावी. आपल्या तालुक्यात नववी-दहावीतून यंदा किती मुली गळाल्या, याची यादी हाती घेणे हे त्या कामाचे पहिले पाऊल आहे.