बोलकं इंजिन आणि त्याचे दोन मुके आजार

लँड रोव्हरच्या ३००टीडीआय इंजिनात टायमिंग बेल्टच्या झाकणाला अगदी तळाशी एक छोटंसं भोक आहे. नवखा माणूस ते पाहून चक्रावतो. पट्टा धूळ-चिखलापासून जपायचा म्हणून झाकण बसवलं, मग त्यालाच भोक कशाला? आतलं क्रँकशाफ्टचं किंवा कॅमशाफ्टचं ऑइल सील गळायला लागलं, तर तेल साचून न राहता बाहेर ठिबकावं, म्हणून. तेलात भिजलेला पट्टा फार दिवस टिकत नाही. खोल पाण्यात किंवा दाट चिखलात गाडी घालायची असेल, तर त्या भोकात पेचाचं बूच बसवायचं आणि काम झालं की आठवणीने काढायचं.

या इंजिनाचा सगळा स्वभाव त्या भोकात दिसतो. त्याची बहुतेक दुखणी आधी कळतात. थेंब गळतो, धुराचा रंग बदलतो, ठोका वेगळा येतो. न सांगता येतात ती फक्त दोन. ती दोन ज्याने ओळखली, त्याची गाडी वर्षानुवर्षं चालते.

ही गुणी जात सहज तयार झाली नाही. लँड रोव्हर १९४८ साली आली आणि १९५७मध्ये तिला पहिलं डिझेल इंजिन मिळालं. १९८६मध्ये अडीच लिटरच्या डिझेलवर टर्बो चढवून ८५ अश्वशक्ती काढली गेली. पण मूळ रचना एवढी उष्णता आणि दाब सोसण्यासाठी झालीच नव्हती. पिस्टनला आणि ब्लॉकला तडे जाण्याबद्दल ते इंजिन बदनाम झालं. मग सोलिहलच्या अभियंत्यांनी ज्वलनाची पद्धतच बदलली. हेडमधल्या वेगळ्या कप्प्यात डिझेल फवारण्याऐवजी ते थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत फवारलं आणि टर्बोतून येणारी गरम हवा इंटरकूलरमधून थंड करून आत घेतली. हे २००टीडीआय इंजिन १९८९मध्ये डिस्कव्हरीत बसलं. १९९४मध्ये त्याचीच सुधारलेली, आवाजाला सौम्य आवृत्ती आली, ती ३००टीडीआय. आकडा वाढला तरी क्षमता तीच राहिली: २४९५ घन सेंटिमीटर, १११ अश्वशक्ती आणि अवघ्या १८०० फेऱ्यांवर २६५ न्यूटन-मीटर टॉर्क. चढावर, दगडधोंड्यांत, रेतीत गाडीला वेग लागत नाही, कमी फेऱ्यांवरचा रेटा लागतो. तो इथे आहे.

रचना साधी आहे. बिडाचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, पुशरॉड आणि बॉशचा रोटरी पंप. डिस्कव्हरीच्या काही ऑटोमॅटिक गाड्या सोडल्या, तर या पंपावर इलेक्ट्रॉनिक्सचा ताबा नाही. एकदा सुरू झालेल्या इंजिनाला विजेची गरज एवढीच, की पंपावरचा डिझेल तोडणारा सोलेनॉइड उघडा राहावा. जुन्या डिझेल जीपवर किंवा ट्रॅक्टरवर हात बसलेल्या आपल्याकडच्या मिस्त्र्याला यात परकं काही वाटणार नाही. डिझेलने हवा धरली, तर लिफ्ट पंपाची दांडी हाताने मारून एअर काढता येते. टॅपेट सेटिंगला फिलर गेज पुरतो. इनलेट असो वा एक्झॉस्ट, इंजिन थंड असताना अंतर ०.२० मिलिमीटर.

आता पहिला मुका आजार, टायमिंग बेल्ट. सुरुवातीच्या ३००टीडीआय इंजिनांमध्ये पट्टा कप्प्यांवर सरळ रेषेत धावत नसे. एका बाजूला घासून त्याची कड उसवत जाई आणि तो वेळेआधी तुटे. कंपनीने सुधारित भागांचा संच काढला. म्हणून जुनी गाडी घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा: तो संच बसलाय का? नेहमीच्या वापरात पट्टा ७२,००० मैलांना, म्हणजे सुमारे १,१६,००० किलोमीटरला बदलायचा. धूळ, चिखल, ओझं असेल तर त्याच्या निम्म्यावरच. तुटण्याआधी पट्टा आवाज करत नाही. तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि पुशरॉड वाकतात. नशीब बरं असेल तर नुकसान तेवढ्यावर थांबतं, पण जंगलात नशिबावर जाऊ नये. पट्टा बदलताना झाकण उघडलेलंच असतं, तेव्हा दोन्ही ऑइल सीलही बदलून घ्यावीत. कडेला काळी भुकटी दिसली तर नवा पट्टा घालून भागत नाही. कप्प्या एका रेषेत आहेत का, हे तपासावंच लागतं.

दुसरा आजार पाण्याचा, आणि तो जास्त फसवा. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापलं की वाकतं आणि हेड गॅसकेट उडतं. चालकाचा भरवसा असतो डॅशबोर्डवरच्या काट्यावर. पण काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असला, तरच खरं सांगतो. पाणीच गळून गेलं तर तो मोकळ्या हवेत लटकतो, काटा निवांत राहतो आणि आत हेड भाजत असतं. गळतीच्या जागा ठरलेल्या आहेत. अल्टरनेटरच्या ब्रॅकेटमागे इंग्रजी ‘पी’ अक्षराच्या आकाराचं एक गॅसकेट असतं, तिथून ओल येते. थर्मोस्टॅटच्या घरावरचं प्लॅस्टिकचं बूच जुनं झालं की तडकतं, म्हणून जाणकार तिथे पितळेचं लावतात. होस घासून विरतात. कूलंटची पातळी खाली गेली की वाजणाऱ्या साध्या भोंग्यावर केलेला खर्च या गाडीत सर्वात सार्थकी लागतो.

बाकीचं सगळं शिस्तीचं काम. साधारण दहा हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर. डिझेल फिल्टरमधलं पाणी नेमाने काढणं, कारण पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं आणि पाणी त्याला खातं. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर वरचेवर. लांब चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवणं, म्हणजे टर्बोच्या तापलेल्या बेअरिंगमधून तेल फिरत राहतं.

१९९८मध्ये पाच सिलिंडरचं, इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालणारं टीडी५ आलं आणि ब्रिटनमधल्या नेहमीच्या गाड्यांमधून ३००टीडीआय निघालं. ब्रिटिश सैन्याच्या वुल्फ डिफेंडरमध्ये मात्र ते राहिलं. २००८मध्ये टाटा मोटर्सने लँड रोव्हर विकत घेतली आणि या गाड्यांचं घर मुंबईशी जोडलं गेलं, तेव्हा हे इंजिन जुनं झालेलं होतं. तरी त्याचे सुटे भाग आजही बनतात आणि ते वापरणारे हातही आहेत. हे मला फार मोलाचं वाटतं. जे यंत्र आपल्याला समजतं, तेच आपण जपतो.

ओढा ओलांडून गाडी पलीकडच्या काठावर लागली की इंजिन बंद करून खाली वाकावं आणि ते बूच काढावं. पाणी आलं तर कळेल, तेल आलं तर कळेल. भोक कोरडं निघालं, तर पुढच्या वाटेला लागावं.