चाकांवरचे घर आणि रात्रीचा गारवा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झोपण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेल्या मोठ्या मोटारी घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे देश पाहत हिंडतात. ॲरिझोनासारख्या वाळवंटी प्रदेशात अशा मोटारीचे पत्र्याचे छप्पर दिवसभर तापते. २०२३ साली फीनिक्स शहरात सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसवर गेला होता. अशा ठिकाणी लहान मुले व वृद्ध यांच्यासाठी छपरावरचे वातानुकूल यंत्र ही चैन उरत नाही.

तळावर विजेचा खांब असला तर प्रश्न नसतो. तो नसला की जनित्र लावावे लागते. त्याचा गोंगाट शेजाऱ्यांची झोप मोडतो, आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. म्हणून बॅटरी व इन्व्हर्टर यांचा विचार पुढे येतो. आपल्याकडे वीज गेल्यावर घरातील दिवे-पंखे चालवणारा इन्व्हर्टर तो हाच: बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे तो प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. तो वीज निर्माण मात्र करीत नाही. उलट रूपांतराची दस्तुरी म्हणून दहावा हिस्सा स्वतः घेतो. ही साधी गोष्ट विसरल्यामुळेच पुष्कळांची फसगत होते.

एक टनाहून किंचित मोठे असे छपरावरचे यंत्र चालू असताना सुमारे १४०० वॉट शक्ती घेते. रात्रीच्या आठ तासांपैकी निम्मा वेळ कॉम्प्रेसर चालला असे धरले, तर ५६०० वॉट-तास लागतील. इन्व्हर्टरची घट मिळवता ६२००. शंभर अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १२०० वॉट-तास असतात. पण ती निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे अशा दहा बॅटऱ्या हव्यात, आणि त्यांचे वजन तीनशे किलोच्या घरात! दोनच बॅटऱ्यांवर भागवू पाहणाऱ्याचा गारवा अर्ध्या-पाऊण तासात संपतो, कारण प्रवाह जितक्या जोराने ओढावा तितकी शिसे-आम्ल बॅटरीची उपयुक्त धारणा कमी होते. जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट याने १८९७ मध्ये हा नियम मांडला.

१९९७ साली टेक्सास विद्यापीठात गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटचे गुण प्रसिद्ध केले, आणि पुढे या हिशेबाचे रूप पालटले. या जातीच्या बॅटरीतील बहुतेक सर्व साठा वापरता येतो. तेच काम सहा बॅटऱ्या करतात, आणि त्यांचे वजन पाऊणशे किलोंच्या आसपास भरते.

तरी खरा धोका तारांत आहे. बारा व्होल्टवर १४०० वॉट देण्यास सुमारे १३० अँपिअर प्रवाह लागतो. एवढ्या प्रवाहाने बारीक तार तापून आग लागू शकते. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दाब ४८ व्होल्ट ठेवला की प्रवाह चौथाई आणि तीच तार असल्यास उष्णता सोळांश होते. जाड तांब्याची आखूड तार आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, यांत काटकसर करणे घातक होय. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चार-पाच पट प्रवाह मागतो. तो धक्का सौम्य करणारे उपकरण यंत्राला जोडता येते, नाहीतर इन्व्हर्टरच बंद पडतो.

छपरावरील ४०० वॉटचे सौर फलक पाच तासांच्या प्रखर उन्हात फार तर २००० वॉट-तास देतील, म्हणजे रात्रीच्या खर्चाचा जेमतेम तिसरा भाग. उरलेली भरपाई चालत्या मोटारीच्या अल्टरनेटरकडून किंवा पुढच्या तळावरील खांबाकडून करून घ्यावी लागते.