रात्री दोन ते सकाळी आठ

नांदेड-लातूरला ब्लॅक मेटल संगीत कुठल्या दुकानातून आलं नाही, मैफलीतूनही नाही. मुंबईकरांकडे 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सव होता, पुण्यात २०१० मध्ये 'एनएच७ वीकेंडर' सुरू झाला. आमच्याकडे आलं बीएसएनएलचं ब्रॉडबँड. त्याच्या एका योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ कितीही डाउनलोड केलं तरी मोजलं जात नसे. त्या सहा तासांत उतरवलेले अल्बम पुढे मेमरी कार्डांवरून वसतिगृहांच्या खोल्याखोल्यांत फिरले. भारनियमनाचा तो काळ. गच्चीवर झोपायचं, कानात हेडफोन, वर नुसता अंधार. या संगीताला याहून योग्य जागा मिळाली नसती.

मेटल म्हणजे आदळआपट, असं अनेकांना वाटतं. त्यांनी बर्झमचा 'फिलोसोफेम' ऐकलेला नसतो. मार्च १९९३ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन १९९६ च्या जानेवारीत निघालेला हा नॉर्वेचा अल्बम. गिटारचा एकच छोटा तुकडा घुमत राहतो, मागे कीबोर्डचे दोन-चार सूर, आवाज मुद्दाम फाटका. त्यातली एक रचना तर पंचवीस मिनिटांची आहे आणि तिच्यात जवळजवळ काहीच घडत नाही. अमीर खाँसाहेबांच्या अतिविलंबित झूमरा तालावर वाढलेल्या कानाला त्याचं नवल वाटू नये. दोन सुरांमधली जागा मोकळी ठेवायला धैर्य लागतं, ते दोन्हीकडे आहे.

पण हे लिहिताना दुसरी बाजू झाकून चालणार नाही. बर्झम म्हणजे एकटा वर्ग विकर्नेस. त्याने ऑगस्ट १९९३ मध्ये 'मेहेम' या बँडच्या गिटारवादकाचा खून केला. खून आणि चर्चच्या जाळपोळीसाठी त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली. 'फिलोसोफेम' निघाला तेव्हा तो तुरुंगात होता. त्याचे वंशद्वेषी विचार मला किळसवाणे वाटतात. अल्बम थोर आहे, माणूस नाही. एकाच्या मोठेपणावर दुसऱ्याचा गुन्हा धुतला जात नाही.

मला अधिक जवळचा वाटला तो अमेरिकेत ओरेगॉनच्या ॲगलॉक या बँडचा 'द मँटल', २००२ चा. अडुसष्ट मिनिटं, साध्या गिटारींचे लांब पल्ले, एके ठिकाणी हरणाच्या कवटीवर धरलेला ठेका. एप्रिल २०१६ मध्ये, दुष्काळात, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला येऊ लागली, त्या उन्हाळ्यातही तो ऐकला. ओरेगॉनची थंडी परकी वाटली नाही. मैलोन् मैल माणूस दिसू नये, असा भुईचा तुकडा आम्हालाही ठाऊक आहे.

त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि वाट पाहणं संपलं. आता जगातला जवळपास कुठलाही अल्बम क्षणात लागतो आणि तितक्याच क्षणात बदलला जातो. या संगीताचं यात नुकसानच झालं, असं माझं स्पष्ट मत आहे. नव्याने ऐकणाऱ्यांनी 'द मँटल'पासून सुरुवात करावी: रात्री, दिवा मालवून, एका बैठकीत, मधलं एकही गाणं न गाळता.