ऑर्गंझाचं मखर

मुलुंडला घरच्या मशीनवर मी गणपतीची मखरं शिवते. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून कापडी मखरांना मागणी आहे. हे मखर घडी करून माळ्यावर ठेवता येतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधता येतं. मला ही फार मोलाची गोष्ट वाटते.

कापड मंगळदास मार्केटमधून आणते. पारदर्शक कापडं दिसायला सारखी, पण स्वभाव वेगळे. नेटची कापलेली कड उसवत नाही, त्यामुळे झालरीला ती दुमडावी लागत नाही. ऑर्गंझाचे मात्र कात्री लागताच धागे सुटतात. त्याला मी फ्रेंच शिलाई घालते: उलट्या बाजू आत ठेवून पहिली टीप, मग कापड उलटवून दुसरी. कच्ची कड आत बंद होते. आरपार दिसणाऱ्या कापडात हे सोडून चालतच नाही! सुई 9 नंबरची, आणि कापड सरकू नये म्हणून खाली बटर पेपर. टीप झाली की तो फाडून काढायचा.

फुलांसाठी पॉलिस्टर ऑर्गंझाच घ्या. गोल चकत्या मेणबत्तीजवळ धरल्या की कडा वितळून पाकळीसारख्या वळतात. मधोमध मोती टाकायचा. रेशमी ऑर्गंझा वितळत नाही, जळतो. शंका आली तर एक धागा जाळून बघा: पॉलिस्टरचा कडक मणी होतो, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो.

म्हणूनच झालरी समईपासून चांगल्या हातभर लांब बांधा, आणि आरती मखराबाहेरूनच ओवाळा.