शालेय परसबाग : ताटातील भाजीपलीकडे

मिझोरामच्या दक्षिणेकडील लाँगतलाई हा डोंगराळ, दुर्गम जिल्हा. फळे-भाजीपाला बाहेरून आणावा लागे आणि पावसाळ्यात रस्ते खचले की तोही पोहोचत नसे. तेथील जिल्हा प्रशासनाने ‘कन सिकुल, कन हुआन’, म्हणजे ‘आपली शाळा, आपले शेत’, या उपक्रमातून शाळा व अंगणवाड्यांच्या आवारातच भाजीपाला व फळझाडांची लागवड सुरू केली. केंद्र शासनानेही २०१९ मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

हेतू पोषणाचा आहे आणि तो रास्तच आहे. मात्र पीएम पोषण योजनेनुसार प्राथमिक वर्गातील मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी लागते. साठ मुलांच्या शाळेला दिवसाकाठी ३ किलो! चार-सहा वाफ्यांतून ही गरज वर्षभर भागणे कठीण. तेव्हा बागेचे यश केवळ किलोत मोजू नये. मूल तेथे काय शिकले, हेही पाहावे.

१९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडल्या गेलेल्या नई तालीमेत हाताचे काम हे शिकण्याचे माध्यम होते. आज पुष्कळदा मुले पाणी घालतात, खुरपतात आणि वर्गात त्याचा उल्लेखही होत नाही. हे शिक्षण नव्हे, बिनमोबदल्याची मजुरी होय.

उगवणशक्तीची चाचणीच घ्या. मुगाचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडून गुंडाळी करावी, ती ओलसर ठेवावी आणि आठवड्याने उगवलेले दाणे मुलांना मोजू द्यावेत. शेकडेवारीची ओळख येथेच होते. पेरणीच्या तोंडावर तेच मूल घरी राखून ठेवलेले बियाणे तपासू लागले, तर विस्तार कार्यकर्त्याचे निम्मे काम झाले म्हणावे. एक दक्षता मात्र अनिवार्य आहे: बुरशीनाशक चोळलेले रंगीत बियाणे मुलांच्या हाती कदापि देऊ नये. पाकिटातील उरलेले बी शाळेला देण्याची आपली सवय येथे धोक्याची ठरते.

बागा बहुधा कीड-रोगाने नव्हे, सुट्टीने मरतात. राज्याराज्यांत शाळेचे वेळापत्रक निराळे असते. म्हणून बियाणे देण्यापूर्वी सुट्ट्यांची यादी मागून घ्यावी. मेथी महिनाभरात, मुळा दीड महिन्यात काढणीस येतो. सुट्टीपूर्वी हाती येईल अशा बेताने ती पेरावीत. शेवगा व कढीपत्ता मात्र कुंपणालगत कायमचे लावावेत. एकदा मूळ धरले की उन्हाळ्याच्या सुट्टीतही ते तग धरतात.