बंदुकीचा बार आणि पिकाची राखण

जव्हार व मोखाडा तालुक्यांतील डोंगरउतारांवर नागली व वरई हीं पिकें आश्विनांत भरास आलीं, कीं शेतकऱ्यास दिवसाच्या कष्टांवर रात्रीचें जागरण जोडावें लागतें. रोप लावण्यापासून निंदणीपर्यंतचे चार महिने पावसांत काढावे, आणि रानडुकरांच्या एका कळपानें दोन घटकांत तें सर्व तुडवून व उकरून टाकावें, हा अनुभव आमच्या वाचकांस सांगावयास नको. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां प्रस्तुत लेखकानें अशा नुकसानीचे पंचनामे पुष्कळ लिहिले. पंचनाम्यांत नुकसानीचा आंकडा येतो. परंतु त्या घरचें वर्षाचें धान्य आतां कोठून येणार, हें कोणत्याहि रकान्यांत लिहितां येत नाहीं.

ज्यांच्याजवळ पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे, त्यांचा तिच्यावर मोठा भरंवसा असतो. अलीकडे मात्र एक नवीच गोष्ट कानीं येऊं लागली आहे. परदेशांतील शौकीन लोक आपलीं काडतुसें घरींच भरतात आणि हजार यार्डांवरचें निशाण साधतात, अशीं चित्रें तरुण मंडळी मोबाईलच्या पडद्यावर पाहतात. आणि ‘आपणहि तसें कां करूं नये?’ असें विचारतात. प्रश्न वाईट नाहीं. परंतु त्याचें उत्तर अर्धवट मिळालें, तर एखाद्याचा हात, डोळा किंवा स्वातंत्र्य जाण्याचा प्रसंग आहे. म्हणून त्या विद्येंतील तत्त्व काय, त्यांतील आपल्या उपयोगाचें किती आणि वर्ज्य किती, याचा विचार येथें योजिला आहे.

समप्रमाणाचें तत्त्व

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात: पितळेचें नळकांडें, त्याच्या बुडाशीं बसविलेली टोपी, आंतील दारू व तोंडाशीं बसविलेली गोळी. बार उडाल्यावर पितळी नळकांडें शिल्लक राहतें. त्यांत नवी टोपी, नवी दारू व नवी गोळी घालून तें पुन्हां वापरणें, यालाच हातानें काडतूस भरणें म्हणतात. ज्या देशांत कायद्यानें ही मोकळीक आहे, तेथें कित्येक लोक खर्च वांचविण्यासाठीं हें करितात. परंतु लांबच्या निशाणाचे जे खरे साधक आहेत, त्यांचा हेतु निराळा असतो. त्यांना प्रत्येक काडतूस मागील काडतुसासारखें तंतोतंत पाहिजे असतें.

याचें कारण साधें आहे. गोळी नळींतून सुटली, कीं त्याच क्षणापासून ती खालींहि पडूं लागते; झाडावरून सुटलेलें फळ पडतें त्याच नियमानें. समजा, ६०० मीटरांवरील निशाणापर्यंत जाण्यास गोळीस एक सेकंद लागला, तर तेवढ्या वेळांत ती सुमारें ४·९ मीटर, म्हणजे १६ फूट खालीं येते. नेमबाज हा उतार हिशेबांत धरून नळी तितकी उंच रोखतो. परंतु पुढच्या काडतुसाची दारू किंचित् कमी पडून गोळीस शेंकडा २ अधिक वेळ लागला, तर ती सुमारें ५·१ मीटर खालीं येईल. म्हणजे हात स्थिर, नजर अचूक, आणि तरीहि गोळी आठ इंच खालीं लागली! दोष नेमबाजाचा नाहीं, मापाचा आहे.

म्हणून हे लोक दारू एका ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. जुन्या तोळ्याचे १८० ग्रेन होतात व तोळ्याच्या ९६ गुंजा. तेव्हां ग्रेनचा दहावा भाग म्हणजे गुंजेचा जवळजवळ एकोणिसावा हिस्सा झाला. सोनाराच्या कांट्यासहि लाजविणारें हें तोलणें आहे. नळकांड्यांची लांबी सारखी करणें, गोळी सारख्याच खोलीवर बसविणें, गोळ्या वजन करून निवडणें, हीं सर्व कामें त्याच एका तत्त्वाच्या शाखा होत.

या शास्त्राचा पाया जुना आहे. इंग्लंडांतील बेंजामिन रॉबिन्स यानें १७४२ सालीं तोफविद्येवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें टांगलेल्या लोलकावर गोळी मारून, लोलक किती मागें जातो यावरून तिचा वेग काढण्याची युक्ति दिली. पुढें अमेरिकेंतील डॉ. फ्रँकलिन मॅन यानें गोळी कां चुकते याचा वर्षानुवर्षें शोध केला व १९०९ सालीं आपला ग्रंथ छापला. गोळीच्या बुडाशीं असलेली लहानशी खोडहि निशाण बिघडविते, हें त्यानें प्रयोगांनीं दाखविलें. बी निवडतांना आपण टोंकाची फुटकी बाजू पाहून दाणा बाजूस काढतों, तशांतलाच हा प्रकार.

आपल्याकडील नेमबाजांचें उदाहरण

महाराष्ट्राच्या नेमबाजांनीं जगांत नांव काढलें आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिच येथें ५० मीटर रायफल प्रोन प्रकारांत जागतिक विजेतेपद मिळविलें. कोल्हापूर जिल्ह्याचेच स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेंत कांस्यपदक पटकाविलें. या स्पर्धेंत दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०·४ मिलिमीटर व्यासाचें असतें.

आतां मौज अशी, कीं हे नेमबाज आपलीं काडतुसें हातानें भरीत नाहींत. तीं भरतांच येत नाहींत. त्यांच्या पॉइंट बावीस काडतुसास निराळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला नळकांड्याच्या कांठांतच भरलेला असतो व तो कांठ चेपला गेला, कीं नळकांडें निरुपयोगी होतें. मग ते करितात काय? एकाच वेळीं तयार झालेल्या मालाचे निरनिराळे गट आपल्या बंदुकींतून उडवून पाहतात, आणि ज्या गटाच्या गोळ्या सर्वांत जवळजवळ लागतात तो गट निवडतात. म्हणजे माल दुसऱ्याचा, निवड आपली. बाकीचें यश श्वास, स्थिति व रोजच्या अभ्यासाचें. तेव्हां अचूकपणासाठीं काडतूस घरींच भरलें पाहिजे, हा समज बरोबर नव्हे.

आपली ठासणीची बंदूक

पीकसंरक्षणासाठीं कायद्यानें प्रथम जी बंदूक योजिली आहे ती ठासणीची. या बंदुकींत नळीच्या तोंडांतून दारू, बोळा व छर्रे गजानें ठासावे लागतात. म्हणजे प्रत्येक बार हातानेंच भरावा लागतो. परंतु हिच्या नळीस आंतून आटे नसल्यामुळें गोळीस फिरकी मिळत नाहीं, आणि छर्रे तर सुटल्याबरोबर फांकूं लागतात. हिचा भरंवसा तीस-चाळीस यार्डांपुरताच. शंभर यार्डांवरील डुकरावर बार टाकणें म्हणजे त्यास जखमी करून शेजाऱ्याच्या बांधावर पाठविणें होय. आणि जखमी डुकर माणसावर उलटतें, हें रानांतील प्रत्येकास ठाऊक आहे.

तरीहि समप्रमाणाचें तत्त्व येथेंहि लागू आहे. मुठीच्या अंदाजानें दारू ओतणाऱ्याचा एक बार फुसका व दुसरा खांदा मोडणारा निघतो. बंदूक तयार करणाऱ्यानें जें माप ठरविलें असेल त्याच्या बाहेर कधींहि जाऊं नये. दारू अधिक घातल्यानें बंदूक लांब मारते, हा समज फार जणांस भोंवला आहे. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत दारू ओल धरते व बार उशिरां पेटतो. चाप ओढूनहि बार उडाला नाहीं, तर बंदूक लगेच खालीं न आणतां तोंड मोकळ्या बाजूस धरून बराच वेळ थांबावें.

याहून मोठा धोका दारूच्या जातीचा आहे. १८८४ सालीं फ्रान्समध्यें पॉल व्हिएय यानें बिनधुराची दारू शोधून काढली. आजच्या काडतुसांतील दारू त्याच जातीची. ती जुन्या काळ्या दारूपेक्षां कितीतरी अधिक दाब उत्पन्न करिते. कारखान्याचें काडतूस फोडून त्यांतील दारू ठासणीच्या नळींत घालणें म्हणजे नळी फोडून घेणें होय. त्यांत नळी आजोबांच्या वेळची, आंतून गंजलेली असली, तर मग बोलावयासच नको. बार भरलेला आहे कीं नाहीं हें विसरून दुसरा बार ठासणें, गज नळींतच राहणें, दारूच्या भांड्याजवळ विडी ओढणें, हीं अपघातांचीं नेहमींचीं कारणें आहेत.

काडतूस भरण्याचें काम किती जोखमीचें आहे, हें त्याच्या कारखान्यांवरूनहि कळेल. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून, व भुसावळजवळ वरणगांवचा १९६४ पासून आहे. असल्या ठिकाणीं ठिणगी पडूं नये म्हणून पायांतील जोड्यांपर्यंत नियम असतात. तें काम चुलीशेजारीं, लेंकरांच्या पायांत करण्याचें नव्हे.

कायदा काय म्हणतो

१८७८ चा जुना शस्त्रांचा कायदा जाऊन १९५९ चा कायदा आला. त्याच्या १३ व्या कलमांत खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाहीं अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर बिनआट्यांची दुसरी बंदूक देतां येते. लांब पल्ल्याची रायफल ही पीकराखणीची वस्तु कायद्यानें धरलेलीच नाहीं. परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीनें तीन वर्षांऐवजीं पांच वर्षें झाली. नूतनीकरणाची तारीख सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबरच जपून ठेवावी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं निराळा झाला. तेव्हां ठाण्याहून मिळालेल्या जुन्या परवान्यांच्या वारसांनीं आपलें दप्तर पालघरला आहे हें ध्यानांत ठेवावें. धारक वारला म्हणजे बंदूक वारसाहक्कानें आपली झाली, असें होत नाहीं; नवा परवाना हातीं येईपर्यंत ती घरांत ठेवणें हा गुन्हा आहे.

काडतुसें तयार करण्याविषयीं त्याच कायद्याचें ५ वें कलम स्पष्ट आहे. परवान्यावांचून शस्त्र किंवा दारूगोळा तयार करणें मना आहे, आणि २०१९ नंतर त्यास कमींत कमी सात वर्षांची कैद ठेविली आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतूस बनविण्याचा परवाना नव्हे. परदेशांतील चित्रें पाहून घरांत असा उद्योग मांडणाऱ्यानें ही ओळ दोनदां वाचावी.

दुसरा कायदा १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा. बंदुकीचा परवाना हातीं असला, म्हणून जनावर मारण्याची परवानगी मिळाली असें नव्हे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरास मारण्यासाठीं त्या कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणें मुख्य वन्यजीव संरक्षकाचा किंवा त्यांनीं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. मारलेलें जनावर सरकारचें होतें. तें घरीं नेऊं नये. जीव वांचविण्यासाठीं सद्धेतूनें केलेला प्रतिकार मात्र गुन्हा होत नाहीं.

कित्येक ठिकाणीं लोक बंदुकीची कटकट नको म्हणून पिठांत किंवा फळांत स्फोटक गोळा घालून बांधावर टाकतात, किंवा कुंपणांत विजेचा प्रवाह सोडतात. हे दोन्ही प्रकार बंदुकीहून भयंकर आहेत. बंदुकीचा चाप ओढणारा निदान समोर पाहत असतो. गोळा व तार यांस डोळे नाहींत. मे २०२० मध्यें केरळांत पालक्काडकडे स्फोटकानें जबडा फाटून एक गाभण हत्तीण मेली, ही गोष्ट देशभर गाजली. आपल्याकडे त्या गोळ्यास गुराख्याचें पोर किंवा शेजाऱ्याचा बैल प्रथम तोंड देईल.

करावें काय?

नुकसान होतांच वनखात्याकडे विनाविलंब लेखी अर्ज द्यावा, व त्याची पोंच घ्यावी. सातबारा किंवा वनहक्काचा पट्टा, पिकाचें नांव व नुकसानीचें क्षेत्र हीं अर्जांत असावीं. पंचनामा होईपर्यंत शेत नीटनेटकें करूं नये. खुणा पुसल्या, कीं आंकडा घटतो. एका गटांतील शेतकऱ्यांनीं पेरणी एकाच सुमारास करून राखणीच्या पाळ्या बांधल्या, तर एकट्याचें जागरण चौघांत वांटलें जातें. निवडणुकीच्या वेळीं पोलिसांकडून बंदूक जमा करण्याचा लेखी हुकूम येण्याचा संभव असतो. २०२४ सालीं विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरला होतें व आचारसंहिता ऐन कापणींत आली. तेव्हां राखणीचा सगळा भार एकट्या बंदुकीवर ठेवूं नये. माळा, शेकोटी, डबे व कुत्रीं हीं जुनीं साधनें परवाना मागत नाहींत.

हातानें काडतूस भरणाऱ्या परदेशी साधकांकडून आपण घ्यावयाचा धडा एकच: माप सारखें ठेवावें, नोंद लिहून ठेवावी, आणि अंदाजावर कांहीं सोडूं नये. तो धडा बियाण्याच्या मापास, खताच्या हिशेबास व अर्जाच्या तारखेस लावावा. तेथें चुकलेल्याची भरपाई होऊं शकते. बार चुकला तर ती होत नाहीं.