वाचनालयाला व्हरांडा हवाच

वाचनालयाच्या इमारतीचा आरोग्याशी काय संबंध, असे काही वाचक विचारतील. माझ्या मते फार जवळचा आहे. आपल्याकडची कित्येक वाचनालये डोळ्यांना आणि पाठीला शिक्षा देण्यासाठीच बांधल्यासारखी वाटतात. भर दुपारी ट्यूबलाइट चालू, खिडक्यांवर कपाटे टेकलेली, आणि शेजारी छान बाग असली तरी मध्ये पुरुषभर उंचीची भिंत!

तैवानची राजधानी तैपेई येथे, बेइतोऊ भागातल्या बागेत २००६ साली एक सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. आपल्या वज्रेश्वरीसारखा हा गरम पाण्याच्या झऱ्यांचा परिसर. लाकूड आणि पोलाद वापरून बांधलेली ही इमारत झाडांमध्ये उभी आहे. छपरावर सौरपट्ट्या आहेत. पावसाचे पाणी साठवून ते शौचालयांना व झाडांना वापरतात. पण वैद्यकाच्या नजरेने मला सर्वांत मोलाचे वाटतात ते तिथले रुंद, सावलीचे सज्जे. वाचनकक्षातून दार उघडले की वाचक थेट झाडांच्या सान्निध्यात येतो. ऊन पुस्तकावर पडत नाही, वारा मात्र लागतो. शिवाय सज्जा वाचनालयाचाच भाग असल्याने पुस्तक बाहेर जात नाही, म्हणजे ग्रंथपालांचीही काळजी मिटली.

आता डोळ्यांविषयी. शाळकरी मुलांमध्ये लांबचे अंधूक दिसण्याचा दोष, म्हणजे निकटदृष्टिता, तैवानमध्ये फार मोठ्या प्रमाणावर आढळते. तिथल्याच दोन शाळांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एका शाळेत मधल्या सुट्ट्यांमध्ये मुलांना वर्गाबाहेर काढले, दुसरीत नेहमीप्रमाणे चालू ठेवले. वर्षभरात पहिल्या शाळेत सुमारे ८ टक्के मुलांना हा दोष नव्याने जडला, दुसरीत सुमारे १८ टक्के! खोलीतला उजेड साधारण ३०० ते ५०० लक्स असतो. झाडाच्या सावलीतही तो हजाराच्या वर सहज जातो. या उजेडाने डोळ्याचा गोल लांबट होण्याची क्रिया मंदावते, असे मानले जाते. एकदा लागलेला नंबर मात्र बागेत बसून उतरत नाही, ही आशा पालकांनी धरू नये. आणि सज्ज्यात बसूनही पुस्तक नाकाला लावले तर उपयोग थोडाच. मुलाने मधूनमधून पुस्तक मिटून खाली बागेत उतरले पाहिजे. म्हणून बालविभाग तळमजल्यावर, बागेकडे उघडणाऱ्या दाराचा असावा.

वृद्धांसाठी पायऱ्यांबरोबर उतार, पाठ टेकता येईल अशी बाके आणि जवळ स्वच्छ शौचालय हवे. शौचालय नसेल तर मधुमेही आजोबा अर्ध्या तासात घरी परततात, हे मी अनेकांकडून ऐकतो.

एक धोका सांगितलाच पाहिजे. बाग आली की डास आले. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे पावसाच्या पाण्याची टाकी घट्ट झाकलेली, तिच्या हवेच्या नळीला जाळी बसवलेली आणि कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा कोरड्या केलेल्या असाव्यात. ते काम कोणत्या शिपायाचे, हे इमारतीचे उद्घाटन होण्याआधीच ठरवून टाकावे.